मुद्दल न मोडणारे नाना

वसईचा किल्ला आपल्या कॉलेजातल्या जवळजवळ सगळ्यांनी पाहिलाय. फर्स्ट इयरला ग्रुप फोटोसाठी, आणि नंतर सबमिशन संपल्यावर उगाचच! पण या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईची चावी कंपनीच्या हातात गेली, हे किती जणांना आठवतं? त्यानंतर बरोबर ४१ दिवसांनी, १० फेब्रुवारी १८०३ ला, इथून फार लांब नसलेल्या मुरबाडच्या एका सोनार-सावकार घराण्यात एक मुलगा जन्मला. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. पुढे सगळी मुंबई त्यांना नाना म्हणू लागली.

मित्रांनो, नानांचं नाव आपण शाळेत रेल्वेच्या धड्यात वाचलं आणि सोडून दिलं. मी एका सेमिनारसाठी पुन्हा वाचायला घेतलं ते रेल्वेसाठीच, पण अडकलो वेगळ्याच ठिकाणी. हा माणूस दान कसं करायचा, ते बघा. दानशूर खूप झाले. नाना पैसा द्यायचे तो गुंतवणूकदाराच्या डोक्याने, म्हणजे पैसा दिल्यावर कमिटीत स्वतः बसायचे, हिशेब बघायचे, आणि पटलं नाही तर तोंडावर बोलायचे.

१८२२ मध्ये वडील वारले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे. आपल्यातले बरेच जण त्या वयात एम-थ्रीची केटी सोडवत असतात. नानांच्या अंगावर अख्खी पेढी आली. त्यांची पत एवढी की अरब आणि अफगाण व्यापारी आपली रक्कम बँकेत न ठेवता यांच्याकडे ठेवायचे. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याला एक सवय लागते, मुद्दलाला हात न लावण्याची. माझ्या मते नानांच्या सगळ्या सार्वजनिक कामाचं मूळ या सवयीत आहे.

१८२७ चं उदाहरण घ्या. गव्हर्नर एल्फिन्स्टन परत निघाले, त्यांच्या सन्मानार्थ लोकांनी वर्गणी जमवली. रक्कम दोन लाख रुपयांच्या वर गेली. त्या काळचे दोन लाख! ते एका समारंभात उडवून टाकता आले असते. त्याऐवजी निधी उभा राहिला, मूळ रक्कम तशीच ठेवायची आणि तिच्या व्याजातून प्राध्यापकांचे पगार द्यायचे. ज्या मंडळींनी हे घडवलं त्यांत नाना पुढे होते. १८३० च्या दशकात ऑर्लेबार आणि हार्कनेस हे प्राध्यापक आले, आणि त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज वाढलं. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये आपण परपेच्युइटीचं गणित सोडवतो ना, ते हेच. फक्त आपण ते पाच मार्कांसाठी सोडवतो.

(जाता जाता : आपल्या फेस्टचा निधी दरवर्षी जानेवारीत जमतो आणि मार्चमध्ये शून्य होतो. शिल्लक राहिली तर टी-शर्ट छापतात. शिल्लक फिक्स डिपॉझिटमध्ये टाकून व्याजावर लायब्ररीत संदर्भग्रंथ घ्यावेत, अशी सूचना मी जिमखाना कमिटीला लेखी दिलीय. अजून विचार चालू आहे.)

आता आपल्या शाखेशी थेट संबंध असलेली गोष्ट. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस नावाचा इंग्रज इंजिनिअर होता. त्याने गणित शिल्प विद्यालय चालवलं आणि गणिताची पुस्तकं मराठीत आणली. म्हणजे बीजगणित, भूमिती मराठीतून शिकून सर्वेक्षणाला जाणारी मुलं दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत होती! हाच जर्व्हिस त्या वेळच्या नेटिव एज्युकेशन सोसायटीचं काम बघायचा, आणि नाना त्याच सोसायटीत.

१८४० मध्ये सोसायटी जाऊन सरकारी बोर्ड ऑफ एज्युकेशन आलं. सात जागांपैकी तीन हिंदी लोकांसाठी, आणि ते तिघे सोसायटीने निवडून द्यायचे. पैसा ज्यांनी घातला त्यांचे प्रतिनिधी संचालक मंडळात, असंच म्हणा. नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा हे ते तिघे. एक मराठी सोनार, एक पारशी, एक कोकणी मुसलमान. अध्यक्ष पुढे झाले सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश.

खरी जुंपली ती १८४७ च्या सुमाराला. पेरींचं मत असं की वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. थोड्यांना नीट शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल. जर्व्हिसचं मत उलट, लोकांना त्यांच्याच भाषेतून शिकवल्याशिवाय ते लोकांपर्यंत पोचणारच नाही. तिन्ही हिंदी सभासद जर्व्हिसच्या बाजूने उभे राहिले. डोळ्यांसमोर आणा, समोर न्यायाधीश, राज्य त्यांचं, आणि हे तिघे विरोधी मत नोंदवतायत. नुसतं कुजबुजत नाहीत, कागदावर! प्रकरण सरकारकडे गेलं. सरकारचं उत्तर असं आलं की ज्याने त्याने आपल्या सोयीने वाचावं. पेरींनी ते आपल्या सोयीने वाचलं आणि कारभार बराचसा त्यांच्या मताप्रमाणे चालला.

इथे मला नाना सगळ्यात मोठे वाटतात. हरल्यावर ते रुसून राजीनामा देऊन बाहेर पडले नाहीत, आणि एल्फिन्स्टनच्या इंग्रजी वर्गांवर राग काढला नाही. बोर्ड गुंडाळलं गेलं तोपर्यंत ते तिथे होते. शेअर पडला म्हणून कंपनी विकून पळणारा सट्टेबाज वेगळा, आणि पुढच्या सभेला पुन्हा आपला मुद्दा घेऊन येणारा भागीदार वेगळा. आणि हा वाद मिटलाय कुठे? २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, तेव्हा आपल्या मेसमध्ये जे दोन तट पडतील तेच १८४७ चे दोन तट. व्हायव्हात इंग्रजी अडलं म्हणून मार्क गेलेला आमचा एक वाडा तालुक्यातला मित्र जर्व्हिसच्या बाजूने आहे, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करणारा माझा रूममेट पेरींच्या. मी स्वतः? पुस्तकं मराठीत हवीत, इंग्रजीही सुटू नये. म्हणजे बहुतेक नानांच्याच बाकावर.

१८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. निबंध वाचायचे आणि त्यावर खुली चर्चा करायची. दादाभाई नौरोजी त्यातलेच. चर्चा करता करता या पोरांनी मुलींच्या शाळा काढायचं ठरवलं, १८४९ मध्ये काढल्याही, आणि शिकवायला स्वतः उभे राहिले. पण जागा? लोक शिव्या देत होते, मुलगी शिकली तर काय काय होईल याच्या कथा रंगवत होते. नानांनी गिरगावात आपल्याच वाड्यात जागा दिली. शेटजींच्या वाड्यात शाळा म्हटल्यावर टीका करणाऱ्यांची अर्धी हवा गेली असणार. पत ही वस्तू अशीही खर्च करता येते.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. जमशेटजी जिजीभाईंबरोबर नानांनी रेल्वेसाठी १८४० च्या दशकात खटपट केली, जीआयपी कंपनी उभी राहिली, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर गाडी धावली. एक गोष्ट मात्र धड्यात नसते. त्या कंपनीच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. फायदा होवो न होवो, भागधारकाला पाच टक्के मिळणार, तूट इथल्या महसुलातून भरणार! अशा हमीवर गुंतवणूक कोणीही करेल. मुलींच्या शाळेला असली हमी कोण देणार होतं? नानांचा पैसा आणि नाव दोन्हीकडे होतं, पण जोखीम कुठे होती ते उघड आहे. आपली विरारची लाईन नंतरची, बीबीसीआय या दुसऱ्या कंपनीची. ती नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचली, म्हणजे नाना हयात असताना.

२६ ऑगस्ट १८५२ ला बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, अध्यक्ष नाना. कंपनीची सनद १८५३ मध्ये पुन्हा पार्लमेंटपुढे यायची होती, म्हणून असोसिएशनने कारभारातले दोष मांडणारा अर्ज विलायतेला धाडला. सभासद बहुतेक शेठ आणि शिकलेले. गिरणगाव किंवा कोळीवाडा त्यात नव्हता, हे मान्य करायला हवं. तरी अर्जाची भाषा काही श्रीमंत सभासदांना झोंबली आणि ते बाहेर पडले. सरकारशी धंदा करायचा आणि सरकारवर टीकाही करायची, हे सगळ्यांना झेपत नाही. नानांनी ते केलं आणि किंमतही मोजली. १८५७ मध्ये त्यांच्यावर बंडवाल्यांना मदत केल्याचा संशय आला, चौकशी झाली, काही निघालं नाही. पाच वर्षांनी त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळात घेतलं!

शेवटची वर्षं विचित्र होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईला शेअरचं वेड लागलं, बॅक बेच्या शेअरची किंमत कित्येक पट फुगली. १८६५ मध्ये तिकडचं युद्ध थांबलं आणि १ जुलैला इकडचा फुगा फुटला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना गेले.

त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. पुन्हा तेच, मुद्दल बाजूला आणि व्याज मुलांना. १९१२ साली ती रायगडकडच्या एका मुलाने मिळवली. त्याचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते.

नानांचा संगमरवरी पुतळा फोर्टमध्ये टाऊन हॉलात, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे. विरारहून फास्ट पकडून चर्चगेटला उतरलात तर तिथून चालत जाता येतं.