मेंदूतले काटे शोधणारे काहाल

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. वडील डॉक्टर होते आणि मुलानेही डॉक्टर व्हावे, हा त्यांचा हट्ट होता. मुलाला मात्र चित्रकार व्हायचे होते. शाळेत लक्ष नाही म्हणून त्याला काही काळ न्हाव्याच्या दुकानात आणि जोडे शिवायच्या कामावरही ठेवले गेले. अखेर वडिलांनी त्याला दफनभूमीतली हाडे दाखवून त्यांची चित्रे काढायला लावली. तिथून शरीरशास्त्राची गोडी लागली. १८७३ मध्ये पदवी घेऊन काहाल लष्करी डॉक्टर म्हणून क्युबाला गेले आणि मलेरियाने खंगून परतले. साठलेल्या पगारातून त्यांनी सूक्ष्मदर्शक विकत घेतला.

१८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी इटलीच्या कामिलो गोल्गी यांच्या पद्धतीने रंगवलेले मेंदूचे काप पाहिले. चांदीच्या क्षारांमुळे त्यात मोजक्याच चेतापेशी काळ्या होत, पण ज्या होत त्या शेवटच्या फांदीपर्यंत स्पष्ट दिसत. काहाल यांनी ही प्रक्रिया दोनदा करून पाहिली. शिवाय प्रौढ प्राण्यांऐवजी पिल्ले आणि भ्रूण निवडले, कारण त्यांच्या तंतूंवर मायलिनचे आवरण फारसे नसते आणि रंग नीट बसतो.

मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचे सलग जाळे, असे तेव्हा गोल्गी यांच्यासह अनेकांना वाटे. काहाल यांना प्रत्येक पेशी सुटी दिसली. हे छापण्यासाठी १८८८ मध्ये त्यांनी पदरमोड करून नियतकालिक काढले. प्रती अवघ्या ६०. पुढच्या वर्षी बर्लिनच्या अधिवेशनात त्यांनी आपले काप दाखवले, तेव्हा कुठे युरोपने दखल घेतली.

चेतापेशींच्या फांद्यांवर त्यांना बारीक काटेही दिसले होते. हा चांदीचा साका आहे, असा आक्षेप आला. १८९६ मध्ये काहाल यांनी मिथिलीन ब्ल्यू हा अगदी वेगळा रंग वापरला. काटे तेव्हाही दिसले. १९०६ चे नोबेल गोल्गी आणि काहाल यांना विभागून मिळाले, पण त्या समारंभातल्या व्याख्यानातही गोल्गी यांनी सुट्या पेशींचा सिद्धांत नाकारला. काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये वारले. दोन पेशींमधली फट निर्विवादपणे दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

ते काटे म्हणजे चेतासंधीची जागा. दुसऱ्या पेशीचा संदेश बहुधा तिथेच पोचतो. १९८२ मध्ये काट्यांच्या बुडाशी रायबोसोम, म्हणजे प्रथिने तयार करणारे पेशीतले कारखाने, आढळले. आठवण दीर्घकाळ टिकायला नवी प्रथिने लागतात आणि पेशीचे केंद्रक फांदीच्या टोकापासून बरेच दूर असते. त्यामुळे चेतासंधीजवळच प्रथिने बनणे सोयीचे ठरते. फ्रँकफर्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्यापुढचा टप्पा दाखवला. रायबोसोमचे सुटे भाग असलेली काही प्रथिनेही फांद्यांमध्ये तयार होतात आणि तिथल्या जुन्या रायबोसोममध्ये बसवली जातात. म्हणजे कारखान्याची दुरुस्तीही जागच्या जागीच होऊ शकते.