समजून घ्या : शाळेचा निर्णय कोणी घ्यायचा? दिल्लीत अहवाल लिहून जिल्ह्याकडे बोट दाखवणारे जे. पी. नाईक

डिजिटल डेस्क, गडहिंग्लज : वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ्यपुस्तक पुण्याच्या बालभारतीतून येते. शिक्षकाची भरती आणि बदली ऑनलाइन पोर्टलवर होते. पटसंख्येची माहिती यू-डायसवर भरावी लागते. पालकांची शाळा व्यवस्थापन समिती आहे, पण गावातली शाळा चालू राहणार की शेजारच्या शाळेत जाणार, हे शेवटी ती समिती ठरवत नाही.

मग शाळा नक्की कोणी चालवायची? दिल्लीने, मुंबईने, जिल्ह्याने की गावाने? या प्रश्नावर आयुष्यभर काम केलेला माणूस गडहिंग्लजच्या शेजारचाच होता. देशातल्या सर्वांत गाजलेल्या शिक्षण आयोगाची सूत्रे सांभाळणारे डॉ. जे. पी. नाईक. त्यांची गोष्ट समजून घेऊ.

कोण होते जे. पी. नाईक?

जयंत पांडुरंग नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल घोटगे. पुढे देशाने त्यांना जे. पी. म्हणूनच ओळखले.

ते दहा वर्षांचे असताना, १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद होती. वरून आलेला हुकूम योग्य असेल तर काय घडू शकते, याचे हे घरासमोरचे उदाहरण होते.

नाईक यांनी मात्र सुरुवात केली ती खालून. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला. सुटका झाल्यावर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात ते राहिले. साक्षरता, आरोग्य, शेती अशी गावाच्या रोजच्या गरजांची कामे त्यांनी तिथे केली.

कर गावाचा, कारभार कोणाचा?

खेड्यात राहिल्यावर शाळेच्या पैशांचा हिशेब त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. मुंबई प्रांतात १८६३ पासून जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई. त्यातला एक तृतीयांश हिस्सा शिक्षणासाठी होता. म्हणजे शाळेसाठी पैसे शेतकरी देत होता, पण शाळेवर हुकूम शिक्षण खात्याचा चाले. या लोकल फंडाचा इतिहास नाईक यांनी १९४२ मध्ये पुस्तकरूपाने मांडला.

त्याआधीच्या वीस वर्षांत प्रांताने दोन्ही टोके पाहिली होती. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे दिल्या. नेमणुका-बदल्यांत राजकारण शिरल्याच्या तक्रारी वाढल्या. १९३८ च्या दुरुस्तीने सरकारने बराच ताबा परत घेतला. सगळे खाली दिले तरी अडचण आणि सगळे वर ठेवले तरी अडचण, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

गारगोटीचा प्रयोग काय होता?

१९४० च्या दशकात नाईक कोल्हापूर संस्थानात विकासकामांची जबाबदारी सांभाळत होते. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. व्ही. टी. पाटील यांच्यासोबत त्यांनी भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठ उभे केले. नावात विद्यापीठ असले तरी ते पदव्या वाटणारे सरकारी विद्यापीठ नव्हते. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंत सर्व काही एका ग्रामीण आवारात आणि त्या परिसराच्या गरजेनुसार, अशी त्यामागची कल्पना होती.

१९५६ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षण संस्थांची योजना आणली, तेव्हा निवडलेल्या मोजक्या संस्थांत गारगोटी होती. पैसा आणि मान्यता मिळाली. पण नोकरीच्या बाजारात विद्यापीठाच्या पदवीलाच किंमत राहिली. त्यामुळे देशातल्या अशा अनेक संस्था पुढे नेहमीच्या विद्यापीठांच्या चौकटीत गेल्या. गावाने अभ्यासक्रम ठरवला तरी त्या प्रमाणपत्राची किंमत गावाबाहेर ठरते, हा धडा त्यातून मिळाला.

कोठारी आयोगात त्यांनी काय केले?

१९५९ पासून नाईक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार होते. जुलै १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. जून १९६६ मध्ये सादर झालेल्या अहवालाच्या लेखनात त्यांचा वाटा मोठा होता. १०+२+३ हा आकृतिबंध आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च, या शिफारशी याच आयोगाच्या.

केंद्राने नेमलेला आयोग, त्यामुळे तो केंद्रालाच जास्त अधिकार मागेल असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही.

- शिक्षण हा विषय राज्यांकडेच राहावा, असे आयोगातील बहुमत होते.
- जिल्हा पातळीवर स्वतंत्र शालेय शिक्षण मंडळे असावीत, असे सुचवले गेले.
- प्रत्येक शाळेने स्वतःची योजना स्वतः तयार करावी, असा आग्रह होता. पुढे नाईक यांनी या संस्थात्मक नियोजनाचा सातत्याने पाठपुरावा केला.
- परिसरातील सर्व मुले एकाच शेजारशाळेत शिकावीत आणि जवळच्या शाळांनी मिळून शाळासंकुल करावे, अशी शिफारस होती.

केंद्राचे काम कोणते? पैसा, संशोधन, दर्जा आणि मागास भागांना जादा मदत. शाळेची घंटा किती वाजता व्हावी, हे दिल्लीने ठरवायचे नाही. नाईक यांच्या मांडणीचा साधा अर्थ हा होता.

शाळासंकुल म्हणजे समूह शाळा का?

इथे अनेकांची गल्लत होते. कोठारी आयोगाच्या शाळासंकुलात एक माध्यमिक शाळा मध्यभागी आणि भोवतीच्या लहान शाळा तिच्याशी जोडलेल्या, अशी रचना होती. प्रयोगशाळा, ग्रंथालय, तज्ज्ञ शिक्षक हे सर्वांनी वाटून घ्यायचे. वाडीवरची शाळा वाडीवरच राहते. एकशिक्षकी शाळांवर नाईक यांनी वेगळे पुस्तकच लिहिले होते. अशा शाळेला आधार कसा द्यायचा, याचा विचार ते करत होते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आयोगाचा उल्लेख करून ही कल्पना पुन्हा आणली. पाच ते दहा किलोमीटर परिसरातील शाळांचे संकुल त्यात सुचवले आहे. महाराष्ट्रात मात्र २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले आणि त्याला विरोध झाला. कारण समूह शाळेत मुले गाडीने मोठ्या शाळेत जातात आणि गावातली शाळा उरत नाही. डोंगराळ आजरा, चंदगड, भुदरगडसाठी हा फरक मोठा आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की सहा वर्षांचे मूल शाळेत पोहोचणार का, हे वाडीलाच ठाऊक असते.

त्यांचे स्वप्न पूर्ण झाले का?

अर्धेच. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. जिल्हा मंडळे, शेजारशाळा, शाळेची स्वतःची योजना हे बहुतांशी कागदावर राहिले. सहा टक्क्यांचा आकडा आजही धोरणांत लिहिला जातो.

१९६९ मध्ये नाईक भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतर ते पुण्यात परतले. १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये पुण्याला आणली होती. पत्नी डॉ. चित्रा नाईक यांच्यासह तिथे शाळाबाह्य मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू झाले. गुरे राखणारी, घरकाम करणारी मुले सायंकाळी मोकळी असतात, म्हणून वर्गही सायंकाळी. वेळ मुलांच्या सोयीची.

३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा परखड हिशेब मांडणारे त्यांचे पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी केवळ सरकारला दोष दिला नाही. आयोगाच्या विचारात कुठे उणीव राहिली, तेही तपासले. युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणविचारवंतांची यादी केली, तेव्हा गांधीजी आणि रवींद्रनाथ टागोर यांच्यासोबत त्यात बहिरेवाडीच्या या मुलाचेही नाव होते.

थोडक्यात

- १९०७ : बहिरेवाडी (आजरा) येथे जन्म
- १९४२ : लोकल फंडाच्या इतिहासावर पुस्तक
- १९४८ : भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना
- १९६४-६६ : कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव
- १९७४ : पद्मभूषण
- १९८१ : निधन

शाळा व्यवस्थापन समितीत आज ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्याने त्यांच्याकडे आहे. तुमच्या गावच्या शाळेचा आराखडा कोणी लिहिला, हे पुढच्या बैठकीत विचारता येईल.