पिएर फोशार

पिएर फोशार (जन्म : इ.स. १६७८ च्या सुमारास, ब्रिटनी; मृत्यू : मार्च १७६१, पॅरिस) हे अठराव्या शतकातील फ्रेंच दंतशल्यचिकित्सक व ग्रंथकार होते. त्यांना आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जाते. इ.स. १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'ल शिरुर्जियाँ दांतिस्त' (दंतशल्यचिकित्सक) हा द्विखंडात्मक ग्रंथ दंतवैद्यकाचा पहिला सर्वांगीण शास्त्रीय ग्रंथ समजला जातो. दात वाचवणे, वाकडे दात सरळ करणे, काळवंडलेले दात स्वच्छ करणे आणि गेलेल्या दातांच्या जागी शोभतील असे कृत्रिम दात बसवणे, हे सारे विषय त्यांनी प्रथमच एकत्र आणि पद्धतशीरपणे मांडले. आज ज्याला सौंदर्यलक्षी दंतचिकित्सा म्हणतात, तिची बहुतेक बीजे या ग्रंथात सापडतात.

आरंभीचे जीवन

फोशार यांच्या बालपणाविषयी फारशी माहिती मिळत नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी ते फ्रेंच राजाच्या नौदलात दाखल झाले. तेथे अलेक्झांद्र पोतलरे या मुख्य शल्यवैद्यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. दात व मुखरोग हा पोतलरे यांचा खास अभ्यासाचा विषय होता. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताजी फळे व भाजीपाला मिळत नसे. त्यामुळे त्यांना स्कर्व्ही हा रोग जडे. हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई आणि निरोगी दातही हलू लागत. तरुण फोशार यांना मुखरोगांचे पहिले धडे ग्रंथांतून नव्हे, तर या खलाशांच्या तोंडांतून मिळाले.

नौदल सोडल्यावर ते आंझे येथे स्थायिक झाले. तेथून नांत, रेन, तूर अशा गावांना जाऊन ते रुग्ण तपासत. त्या काळी दातांचे काम करणाऱ्याला 'दात उपटणारा' एवढीच ओळख असे. फोशार यांनी स्वतःसाठी 'दंतशल्यचिकित्सक' ही संज्ञा वापरली व तीच पुढे ग्रंथाच्या नावात आली. दात उपटणे हा उपचारांतील शेवटचा पर्याय आहे, पहिला नव्हे, ही त्यांची भूमिका या नावातच दडलेली आहे.

पॅरिसमधील काळ

इ.स. १७१९ च्या सुमारास फोशार पॅरिसला आले. इ.स. १६९९ च्या राजाज्ञेनुसार तेथे दातांचे काम करणाऱ्या तज्ज्ञांसाठी परीक्षा सुरू झाली होती. तरीही रस्त्यावरच्या दात उपटणाऱ्यांचा धंदा जोरात चालू होता. सेन नदीवरील पाँ नफ या पुलावर ग्रां तोमा नावाचा धिप्पाड दात उपटणारा गर्दी जमवून आपली कला दाखवी आणि साऱ्या शहरात तो प्रसिद्ध होता. आपल्याकडील जत्रेतल्या जडीबुटीवाल्याची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

अशा भोंदूंच्या युक्त्या फोशार यांनी ग्रंथात उघड केल्या. भोंदू एखाद्या गरजू माणसाला पैसे देऊन गर्दीत उभे करी. कोंबडीच्या रक्ताने भरलेल्या पातळ कातडीत गुंडाळलेला दात त्या माणसाच्या तोंडात आधीच लपवलेला असे. भोंदूने हात लावताच तो माणूस रक्त आणि दात थुंकून टाकी, आणि वेदनेशिवाय दात निघाला असे समजून भाबडे लोक पुढे सरसावत.

त्या काळात खुद्द राजाच्या दातांचीही स्थिती चांगली नव्हती. चौदाव्या लुईचे वरचे दात इ.स. १६८५ मध्ये काढताना टाळूचा भाग फुटला आणि प्यालेले पेय नाकावाटे येऊ लागले. पुढे तप्त लोखंडाने डागून ते छिद्र बुजवावे लागले. दंतहीन राजाच्या दरबारात ओठ मिटून हसणे हीच रीत असावी, यात नवल नाही.

ग्रंथरचना

पॅरिसमधील वैद्यकीय ग्रंथालयांत दातांविषयी उपयुक्त ग्रंथ नाहीत, हे लक्षात आल्यावर फोशार यांनी स्वतःच लेखन हाती घेतले. इ.स. १७२३ मध्ये सुमारे ६०० पृष्ठांचे हस्तलिखित तयार झाले. ते छापखान्यात देण्याऐवजी त्यांनी पुढील पाच वर्षे वैद्य व शल्यवैद्यांना दाखवून त्यांची मते घेतली. १७२८ मध्ये ग्रंथ छापला गेला तेव्हा तो ७८३ पृष्ठांचा झाला होता.

या ग्रंथाचे महत्त्व पृष्ठसंख्येत नाही. त्या काळी दातांची कला हे घराण्याचे किंवा व्यक्तीचे गुपित असे. कोणती वनस्पती, कोणता धातू, कोणती तार, हे गुरू शिष्यालाही सहजासहजी सांगत नसे. कारण गुपित फुटले की मिळकत गेली. फोशार यांनी आपली हत्यारे चित्रांसह, आपल्या पद्धती क्रमवार आणि आपले रुग्ण उदाहरणांसह छापून टाकले. आपल्या चरितार्थाचे साधनच त्यांनी जगापुढे ठेवले, असे म्हणावे लागते. १७३३ मध्ये ग्रंथाचा जर्मन अनुवाद निघाला आणि १७४६ मध्ये दुसरी, वाढवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

दंतकृमीच्या समजुतीचे खंडन

दात पोखरणारा किडा असतो, ही समजूत बॅबिलोनपासून युरोपपर्यंत हजारो वर्षे रूढ होती. मराठीत आपण आजही 'दात किडला' असेच म्हणतो. भाषेने ती समजूत जपून ठेवली आहे. फोशार यांनी सूक्ष्मदर्शकातून किडलेले दात पाहिले आणि त्यांत असे किडे दिसत नसल्याचे नोंदवले. साखर व गोड पदार्थ दातांना घातक असल्याचे सांगून ते कमी खाण्याचा सल्ला त्यांनी दिला. मात्र त्यांचे सारेच उपाय आजच्या कसोटीला उतरणारे नव्हते. दातांच्या विकारावर मानवी मूत्राने चूळ भरण्याची शिफारसही याच ग्रंथात आहे.

दातांचे रूप सुधारण्याच्या पद्धती

दात मुख्यतः तीन गोष्टींसाठी हवेत, चावण्यासाठी, स्पष्ट उच्चारासाठी आणि चेहऱ्याच्या शोभेसाठी, हे फोशार यांच्या विवेचनाचे सूत्र दिसते. शोभेला त्यांनी क्षुल्लक मानले नाही. पण तिला आरोग्याच्या पुढेही जाऊ दिले नाही. दातांवरील कीटण खरवडून काढणे हे त्यांच्या दृष्टीने पहिले काम होते. कीटण साचले की हिरड्या सुटतात आणि निरोगी दात पडतो, हे त्यांनी ओळखले होते. हिरड्यांच्या या रोगाला पुढे काही काळ त्यांचेच नाव दिले जात असे. दात पांढरे करण्यासाठी तीव्र आम्ले चोळण्याची पद्धत त्या वेळी प्रचलित होती. तिने दात काही दिवस चमकतात, पण वरचे कवच झिजून ते कायमचे खराब होतात, म्हणून फोशार तिच्या विरोधात होते. घोड्याच्या केसांचा ब्रशही त्यांना कठोर वाटे. त्याऐवजी ते समुद्री स्पंज सुचवत.

वाकड्या दातांसाठी त्यांनी नालाच्या आकाराची धातूची पट्टी वापरली. पट्टीला छिद्रे पाडून रेशमी किंवा सोन्याच्या धाग्याने दात तिच्याशी बांधले जात आणि सततच्या हलक्या ओढीने ते हळूहळू रांगेत येत. लहान मुलांचे दात मोठ्यांपेक्षा सहज सरकतात, हे त्यांचे निरीक्षण आजही खरे ठरते. शाळकरी मुलांच्या दातांवर दिसणाऱ्या तारा याच पट्टीच्या वंशज आहेत.

किडलेली जागा कोरून ती शिसे, कथील किंवा सोन्याच्या पत्र्याने भरण्याची कृतीही त्यांनी दिली आहे. कोरण्यासाठी ते सुताराच्या कमानी गिरमिटासारखे छोटे हत्यार वापरत. रुग्णाला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत धरण्याऐवजी उजेडात हातांच्या खुर्चीवर बसवावे, असा त्यांचा आग्रह होता. दवाखान्यातील खुर्चीचा इतिहास येथपर्यंत मागे जातो.

कृत्रिम दातांसाठी हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, हाडे व मानवी दात वापरले जात. वरची कवळी जागेवर राहावी म्हणून त्यांनी पोलादी स्प्रिंगा बसवल्या. धातूच्या पत्र्यावर मीनाकाम करून दात व हिरड्या यांचा नैसर्गिक रंग साधण्याचे प्रयोगही त्यांनी केले. या कवळ्या प्रामुख्याने दिसण्यासाठी होत्या. त्यांनी भाकरीसारखा कठीण घास चावणे अवघडच होते.

कुटुंब व अखेर

फोशार यांचे पुत्र जाँ-बाप्तिस्त (१७३७–१८१६) प्रथम वकील होते. पुढे ग्रांमेनिल या नावाने ते कोमेदी-फ्राँसेझ या नाट्यसंस्थेतील नामवंत नट झाले. मोलियेरच्या नाटकातील कंजुषाची त्यांची भूमिका गाजली. पिएर फोशार यांचे १७६१ मध्ये पॅरिस येथे निधन झाले.

प्रभाव

फोशार यांच्या पुढच्या पिढीत पॅरिसच्या समाजात दात दाखवून हसणे हळूहळू मान्य होऊ लागले. इ.स. १७८७ मध्ये चित्रकार एलिझाबेथ विजे-लब्रँ यांनी स्वतःचे मातृरूपातील चित्र प्रदर्शित केले. त्यात किंचित उघडलेल्या ओठांतून दात दिसतात, म्हणून त्या वेळी टीका झाली. त्याच सुमारास दुबुआ द शेमाँ यांनी चिनी मातीचे दात प्रचारात आणले. इ.स. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस यांनी चित्रपट-कलाकारांच्या दातांवर चित्रीकरणापुरत्या पातळ चकत्या चिकटवल्या. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या कवचावर सौम्य आम्ल वापरून भरण घट्ट चिकटवण्याची पद्धत दाखवली. त्यानंतर अशा चकत्या कायमच्या बसवणे शक्य झाले.

फोशार यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९४६ मध्ये लिलियन लिंडसे यांनी केला. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पदविका मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९३६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली पिएर फोशार अकादमी ही दंतवैद्यांची संस्था त्यांच्या नावाने चालते.

भारत व महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकाता येथे काढले. दंतवैद्यकाच्या व्यवसायाला भारतात १९४८ च्या कायद्याने शिस्त आली. तरी दुर्गम भागांत प्रशिक्षित दंतवैद्य दीर्घकाळ पोहोचला नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना माडिया गोंड आदिवासींसाठी बाळंतपणापासून अस्वलाने फाडलेल्या चेहऱ्यांपर्यंत सर्व कामे स्वतःच करावी लागली. नौदलातील जहाजावर फोशार ज्या परिस्थितीत शिकले, तिच्याशी याचे साम्य आहे.

गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा मोठ्या प्रमाणावर खाल्ला जातो. त्याने दातांवर तपकिरी-काळे डाग पडतात, हिरड्या मागे सरकतात आणि अनेकांच्या गालांची आतली त्वचा ताठर होऊन तोंड पुरेसे उघडेनासे होते. अशा रुग्णाच्या दातांवरील डाग काढता येतात; परंतु खर्रा सुटल्याशिवाय ते पुन्हा पडतात आणि तोंड उघडत नसेल तर दातांवर काम करणेच कठीण होते. खऱ्र्यासह सर्व तंबाखू व दारूच्या व्यसनाविरुद्ध गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान चालवले जाते.