डॉ. विल्यम कॅरी आणि राखेत सापडलेले ठसे

अलीकडे मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांशी बोलताना एकच काळजी वारंवार आमच्या कानी येते. तरुण मुले नोकरीसाठी दूर गेली, उपासनेला येणारी माणसे थोडी उरली, ज्या संस्थांच्या आधारावर आपली घरे उभी राहिली त्या थकल्या. आता पुढे कसे व्हायचे? या काळजीला चटकन उत्तर देण्याचा आमचा विचार नाही. त्याऐवजी एका सेवकाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवतो. पुढे काय होणार हे त्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नव्हते.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. लहानपणीच ते जोडे शिवण्याचे काम शिकले. काम करता करता पुस्तक समोर ठेवून त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात केल्या. पुढे ते बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. दूरच्या देशांना शुभवर्तमान सांगावे ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. १७९२ साली बॅप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन झाली आणि १७९३ च्या जूनमध्ये ते सहकुटुंब बंगालकडे निघाले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. त्यांची पत्नी डोरोथीबाई या प्रवासाला मनापासून राजी नव्हत्या. तान्हे मूल पदरात असताना, बहीण सोबत येणार म्हटल्यावर शेवटच्या घटकेला त्या निघाल्या. बंगालमध्ये आल्यावर पैसा संपला, घर मिळेना, तापाने व हगवणीने सर्वांना घेरले. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर दगावला. त्या दुःखानंतर डोरोथीबाईंच्या मनाचा तोल गेला आणि १८०७ साली मरण येईपर्यंत तो सावरला नाही. कॅरीसाहेबांच्या कार्याची किंमत त्यांच्याइतकीच, कदाचित त्यांच्यापेक्षा अधिक, या माउलीने मोजली. थोरांची चरित्रे मुलांना शिकवताना तिचे नाव गाळू नये, असे आम्हांला वाटते.

उत्तर बंगालमध्ये मदनाबती येथे निळीच्या कारखान्यावर नोकरी करीत कॅरीसाहेबांनी बंगाली व संस्कृतचा अभ्यास चालविला. सात वर्षे ते सांगत राहिले, पण एकाही बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. म्हणून १८०० सालच्या जानेवारीत ते डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूर येथे राहावयास गेले. हे हुगळीच्या काठचे गाव, आपल्या नगरकडील श्रीरामपूर नव्हे. तेथे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे जिवाभावाचे सहकारी त्यांना लाभले. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला. त्या आनंदाच्या दिवशीही डोरोथीबाई घरात कोंडलेल्या अवस्थेतच होत्या. सुख आणि दुःख एकाच छपराखाली नांदत होते.

पुढे कॅरीसाहेब कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषा शिकवू लागले. आपल्या मराठीशी त्यांचा संबंध तेथेच जडला. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश प्रसिद्ध केला. १८११ साली सेरामपूरहून मराठी नवा करार बाहेर पडला. सेरामपूरचा छापखाना म्हणजे मोठी भाषाशाळाच होती. पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांनी पोलादी ठसे कोरावेत, त्यांवरून साचे करावेत, साच्यांत शिसे ओतून खिळे पाडावेत आणि ते जुळवून पाने छापावीत, असा क्रम वर्षानुवर्षे चालला होता.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी कागदाच्या कोठारातून धूर निघताना वॉर्डसाहेबांनी पाहिला. वारा आत जाऊ नये म्हणून त्यांनी दारे-खिडक्या बंद करविल्या आणि छपरातून पाणी ओतविले. आग आटोक्यात येत होती. इतक्यात कोणी तरी घाईने एक खिडकी उघडली आणि आग भडकली. मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. माणसे वाचली, शेजारच्या खोलीतील छापण्याची यंत्रेही वाचली. बाकी जवळजवळ सर्व गेले. चौदा भाषांचे खिळे वितळले. पंजाबी व तेलुगू व्याकरणांची हस्तलिखिते, कानडी नव्या कराराचे भाषांतर आणि संस्कृत व तिच्याशी नाते असलेल्या भाषांचा मोठा कोश, हे सारे जळाले. हानी सुमारे दहा हजार पौंडांची होती. पण वर्षांची मेहनत पौंडांत कशी मोजावी?

कॅरीसाहेब त्या रात्री कलकत्त्यात होते. सकाळी मार्शमनसाहेबांनी जाऊन ही बातमी सांगितली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. संध्याकाळी त्यांनी ढिगारा पाहिला. त्यांनी दुःख लपविले नाही की नुकसान थोडे आहे असेही म्हटले नाही. पुढील रविवारी त्यांनी सेहेचाळिसाव्या स्तोत्रावर उपदेश केला. आपल्याला व आपल्या कामाला हवे तसे वापरण्याचा देवाला अधिकार आहे आणि आपण शांतपणे तो मान्य करावा, असा त्याचा आशय होता. लक्षात घ्यावे की, हा उपदेश झाला तेव्हा मदतीची एक पैही आलेली नव्हती. इंग्लंडला बातमी पोहोचण्यासच सहा महिने लागणार होते.

इकडे ढिगारा उपसताना एक गोष्ट हाती लागली. हजारो पोलादी ठसे व साचे राखेखाली शाबूत सापडले. ते कोरण्यास अनेक वर्षे लागली होती. ते गेले असते तर काम पुन्हा आरंभापासून करावे लागले असते. वितळलेले शिसे गोळा करून त्याच साच्यांत ओतण्यास सुरुवात झाली. काही आठवड्यांतच नवे खिळे छपाईस लागले. जळालेली भाषांतरे कॅरीसाहेबांनी पंडितांसह पुन्हा हाती घेतली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालणे सोपे जाते, अशी त्यांची समजूत होती. मात्र मोठा कोश पुन्हा झाला नाही. सर्वच परत मिळाले असे सांगणे खरे होणार नाही.

सप्टेंबरमध्ये इंग्लंडला बातमी कळली. सुमारे दोन महिन्यांत सगळी रक्कम जमली, आणि आता पुरे असे तेथील चिटणिसांना कळवावे लागले.

त्याच १८१२ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी कलकत्त्याला उतरले. कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्यास फर्माविले. ते मुंबईकडे निघाले व १८१३ च्या फेब्रुवारीत तेथे पोहोचले. आपल्यापैकी कित्येक मंडळ्यांचा उगम त्या कामात आहे. सेरामपूरच्या मराठीला नागपूरकडील वळण होते व तिच्यात उणिवाही होत्या. अमेरिकन मिशनने नवे भाषांतर करून १८२६ साली नवा करार छापला. कॅरीसाहेबांचे मराठी भाषांतर मागे पडले, पण त्यावाचून पहिले पाऊल पडले नसते.

पुढेही संकटे टळली नाहीत. १८२३ साली दामोदरच्या पुराने त्यांची लाडकी बाग उद्ध्वस्त केली. मायदेशातील संस्थेशी वाद होऊन १८२७ साली फारकत झाली. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या बुडाल्या आणि मिशनचा पैसाही बुडाला. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथेच ते प्रभूमध्ये झोपी गेले.

वाचकहो, कॅरीसाहेबांना भविष्य दिसत होते म्हणून ते स्थिर राहिले, असे नव्हे. काम आपले नाही, देवाचे आहे, एवढेच त्यांना दिसत होते. म्हणून रडून झाल्यावर ते शिसे गोळा करावयास लागले. आपल्या मंडळ्यांतही पुष्कळ काही वितळून गेले असेल. पण प्रार्थना, देवाचे वचन, लहानांना शिकविण्याची आवड, शेजाऱ्याच्या दुःखात धावून जाण्याची सवय, हे जुने ठसे कोठे तरी शाबूत असतील. ते शोधावेत. ज्या शब्बाथशाळेत आज चारच मुले येतात, तेथील शिक्षकाने येत्या रविवारी त्या चौघांना ही गोष्ट सांगावी, आणि डोरोथीबाईंचीही सांगावी. उद्याची चिंता ज्याच्या हाती आहे, तो प्रभू आपणां सर्वांस आजच्या कामापुरते बळ देवो.