चाबुकस्वार विष्णुपंत छत्रे

गेल्या पावसाळ्यात सुरतेला एका शिष्याच्या घरी चार-सहा दिवस मुक्काम पडला. त्याच्या शेजारी कुत्र्यांना वळण लावण्याचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ राहतात. सकाळी रियाज आटोपून मी गॅलरीत उभा राहिलो की खाली अंगणात त्यांची शाळा भरलेली दिसे. त्यांत एक भला दांडगा अल्सेशियन होता. तो कोणालाच जवळ येऊ देईना. गृहस्थ त्याच्याकडे पाहातही नसत. चार हात अंतरावर पाठमोरे बसून ते आपले वर्तमानपत्र वाचीत. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी कुत्रा आपण होऊन पुढे आला व त्याने त्यांचा हात हुंगला, तेव्हा कोठे त्यांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढला.

हा प्रकार पाहाताना मला राहून राहून विष्णुपंत छत्र्यांची आठवण होत होती. पहिली हिंदी सर्कस काढणारा पुरुष म्हणून त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. परंतु आम्हां गाणाऱ्यांच्या घरांतून ते निराळ्याच कारणासाठी घेतले जाते. माझे वडील राजघराण्याच्या पदरी गवई. ग्वाल्हेरच्या गायकीचा विषय निघाला की हद्दूखाँच्या नावामागोमाग छत्र्यांचे नाव त्यांच्या तोंडी येई, आणि सर्कशीचा व गाण्याचा संबंध काय, हे कोडे मला लहानपणी उलगडत नसे.

विष्णुपंतांचा जन्म १८४० सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचा. ब्राह्मणाघरच्या मुलाने पोथी किंवा दौत-लेखणी धरावी असा तो काळ. या मुलाला वेड लागले ते घोड्यांचे आणि गाण्याचे. दोन्ही विद्या एकाच गावी मिळतील असे ठिकाण तेव्हा ग्वाल्हेर होते. शिंद्यांच्या पागा तेथे, आणि ख्यालगायनातले मोठे उस्ताद हद्दूखाँही तेथेच. विष्णुपंतांनी ग्वाल्हेर गाठले. तेथे त्यांनी घोडा फिरवण्याची विद्या मिळवली व हद्दूखाँसाहेबांची तालीमही घेतली. परत दक्षिणेत आल्यावर पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी चाबुकस्वार म्हणून त्यांचा लौकिक झाला.

चाबुकस्वार या शब्दात चाबूक आहे खरा. परंतु घोड्याची जात मुळात पळून जीव वाचवणारी. वाघाशी झुंजावे असे तिच्या रक्तात नाही. भ्याली की उधळावे एवढेच तिला ठाऊक. अशा जनावराला नुसत्या माराने शिकवू गेल्यास ते काही शिकत नाही, फक्त अधिक भिते. जाणता शिक्षक घोड्याचे कान पाहातो, श्वास पाहातो. लगाम ओढण्यापेक्षा तो नेमका कधी सैल सोडावा, यात त्याची खरी परीक्षा असते, कारण बरोबर केले हे घोड्याला त्या सैल सुटण्यातूनच कळते. कदम पक्की झाल्याशिवाय दुडकी नाही आणि दुडकी पक्की झाल्याशिवाय चौखूर नाही, हा क्रम तर आम्हां गाणाऱ्यांच्या विलंबित आणि द्रुताचाच आहे.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. १८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईस आली. कुरुंदवाडच्या संस्थानिकांसमवेत विष्णुपंत ती पाहावयास गेले. असे काम हिंदी लोकांच्या हातून इतक्यात व्हायचे नाही, अशा अर्थाचे बोल त्या सर्कसवाल्याच्या तोंडून निघाले आणि विष्णुपंतांनी ते मनाला लावून घेतले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडला तरी १८८० साली त्यांची स्वतःची सर्कस उभी राहिली, हे खरे.

एका चाबुकस्वाराला हे कसे जमले? ज्याला सर्कशीचा इतिहास ठाऊक आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. फिलिप अ‍ॅस्टले या घोडेस्वाराने १७६८ साली लंडनात जो खेळ सुरू केला, त्यातून आजची सर्कस जन्मली. तिचे रिंगण ४२ फूट व्यासाचे ठरले तेही घोड्यामुळे. तेवढ्या वर्तुळात घोडा एका चालीने धावला की पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराचा तोल राहातो. सर्कस ही मूळची घोड्याचीच विद्या. विष्णुपंतांनी तिच्याभोवती कसरतीचे आणि इतर जनावरांचे खेळ जमवले. त्यांच्या पत्नीही झुल्यावरची कामे करीत व जनावरांना शिकवीत, असे सांगतात. त्या काळच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हे. ही सर्कस उत्तर हिंदुस्थानात फिरली, सिंहलद्वीपात गेली, समुद्रापलीकडेही गेली. मलबारात तेलिचेरीस तिचा मुक्काम पडला तेव्हा कीलेरी कुन्हिकण्णन हे तालीममास्तर तिने भारून गेले. पुढे १९०१ साली त्यांनी तेथे सर्कशीची शाळा काढली. केरळच्या सर्कशीची परंपरा तेथून सुरू होते.

आता गाण्याचा धागा. हद्दूखाँ १८७५ साली वारले. त्यांचे पुत्र रहिमतखाँ म्हणजे अलौकिक गळ्याचे गवई. पण भावाच्या मृत्यूने त्यांच्या मनाचा तोल गेला, अफूचे व्यसन जडले, आणि ते काशीच्या रस्त्यांतून भणंगासारखे हिंडू लागले. सर्कशीच्या निमित्ताने काशीस गेलेल्या विष्णुपंतांनी आपल्या गुरुपुत्राला त्या स्थितीत पाहिले व जवळ घेतले. खाँसाहेबांना खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची शुद्ध नसे. त्यांना लहान मुलाप्रमाणे सांभाळावे लागे. पण हळूहळू तो गळा पुन्हा गाता झाला. सर्कशीबरोबर गावोगाव त्यांचे जलसे होऊ लागले आणि भूगंधर्व म्हणून त्यांची कीर्ती झाली.

सर्कसवाल्याने गवयाचाही खेळ मांडला आणि तिकिटे विकली, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच वावगी म्हणता येणार नाही. मलाही ती पुष्कळ दिवस छळत असे. शिवाय ज्या सर्कशीचा पाया त्यांनी घातला, तिच्यात पुढे मुक्या प्राण्यांचे हाल झाले हेही नाकारता येत नाही. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, ते योग्यच झाले.

तरीही रहिमतखाँच्या बाबतीत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विष्णुपंत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निवर्तले, त्यानंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना अंतर दिले नाही. १९२२ साली कुरुंदवाडास खाँसाहेबांनी देह ठेवला तो छत्र्यांच्याच आश्रयात. केवळ तिकिटांच्या लोभाने कोणी एखाद्या वेड्यापिशा जिवाला दोन भावांच्या आयुष्याइतका काळ सांभाळीत नाही. उपदेश करून काशीतच कित्येकांनी हात टेकले असतील. भ्यालेल्या जिवाजवळ कसे जावे, किती थांबावे, हे ज्याने पागेत शिकून घेतले होते त्यालाच ते साधले.

हे लिहिताना मला स्वतःची एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला गंधार लागेना म्हणून मी त्याला सगळ्या वर्गादेखत टाकून बोललो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पुढे कधीच आला नाही. गळा चांगला होता. आता वाटते, त्या मुलाचे कान मी पाहिले नाहीत, त्याचा श्वास पाहिला नाही. लगाम तेवढा ओढला.

रहिमतखाँच्या अखेरच्या काळातल्या काही ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. त्यांची भैरवी मी विद्यार्थ्यांना दरसाल ऐकवतो. स्वर संपला की वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग मी त्यांना सांगतो की, हा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो एका घोडे शिकवणाऱ्या माणसामुळे.