ख्रिस्तजन्माची कथा ओवीबद्ध करणारे फादर स्टीफन्स

नाताळ म्हटले की घरांवर लावलेले तारे, गव्हाणीचे देखावे आणि मध्यरात्रीची प्रार्थना डोळ्यांसमोर येते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मात्र हा सण म्हणजे केवळ एका महापुरुषाची जयंती नव्हे. पापामुळे परमेश्वरापासून दुरावलेल्या मानवाला स्वतःच्या बळावर परतीची वाट सापडत नव्हती, म्हणून परमेश्वरच मनुष्यरूपाने त्याच्याकडे आला, असा या दिवसाचा अर्थ आहे. मानवाची कोणतीही पात्रता नसताना मिळालेले हे दान म्हणजे कृपा आणि त्या कृपेने झालेली पापातून सुटका म्हणजे तारण. हा अर्थ चारशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी ओवीत विस्ताराने मांडणारे कवी जन्माने इंग्रज होते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राजवटीत कॅथलिक पंथीयांना आपली उपासना उघडपणे करता येत नसे. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड यांना श्रद्धेपायी तुरुंगवास पत्करावा लागला. स्टीफन्स मात्र देश सोडून रोमला पोहोचले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. धर्मप्रसारासाठी पूर्वेकडे जाण्याची त्यांची इच्छा होती. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. या सुमारे साडेसहा महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन करणारे पत्र त्यांनी वडिलांना लिहिले. रिचर्ड हक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात ते पुढे छापले गेले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून स्टीफन्स ओळखले जातात.

संघर्षाच्या भूमीत

स्टीफन्स यांचे पुढील सुमारे ४० वर्षांचे आयुष्य प्रामुख्याने गोव्याच्या सालसेत भागात गेले. हा काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने १५६७ च्या सुमारास सालसेतमधील शेकडो देवळे पाडली होती. हिंदूंच्या धर्मग्रंथांवर आणि सार्वजनिक विधींवर निर्बंध आले होते. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायासनही सुरू झाले होते. आपल्या श्रद्धेसाठी ज्यांना स्वदेश सोडावा लागला, तेच स्टीफन्स आता अशा प्रदेशात सेवा करत होते, जिथे त्यांच्याच धर्माच्या मागे राजसत्तेचा दंड उभा होता.

या ताणाचा स्फोट जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे झाला. चर्चसाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्या काही सोबत्यांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले रोदोल्फो अक्वाविव्हा हेही होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने आसोळणे येथील किल्ल्यात बोलावले आणि त्यांतील बहुतेकांना मारले. आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामात स्टीफन्स यांचा सहभाग होता. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी या घटनेचा वृत्तांत दिला. भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षणही त्याच पत्रात आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृतबाबत असाच विचार मांडला, त्याच्या दोन शतके आधीची ही नोंद आहे.

या प्रदेशातील माणसांची भाषा शिकणे हे स्टीफन्स यांनी आपले जीवितकार्य मानले. त्यांनी कोकणीत लोकांशी संवाद साधला, मराठीतील धार्मिक काव्याचा अभ्यास केला आणि कोकणीचे व्याकरण रचले. हे व्याकरण त्यांच्या निधनानंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. कोकणीचे ते पहिले छापील व्याकरण होय. त्यांनी तयार केलेली कोकणी प्रश्नोत्तरीही त्यांच्या पश्चात, १६२२ मध्ये छापली गेली.

पुराणाची मागणी

ज्यांनी धर्मांतर केले होते, त्यांची एक अडचण होती. पूर्वी ते देवळांत आणि घरांत पुराणे ऐकत असत. नव्या धर्मात प्रार्थना आणि प्रश्नोत्तरे होती, पण रात्रभर ऐकत बसावे असे काव्य नव्हते. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असताना एक ब्राह्मण पुढे येतो आणि आम्हाला आमच्या भाषेत पुराण का देत नाही, असे विचारतो, असा प्रसंग ग्रंथाच्या आरंभी आला आहे. स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे या प्रश्नाला दिलेले उत्तर होय.

हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. तो देवनागरीत छापला जावा, अशी त्यांची तळमळ होती. या प्रदेशाच्या लिपीतील खिळे पाडण्यासाठी त्यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहिले होते. परंतु जोडाक्षरांमुळे मोठ्या संख्येने खिळे लागणार होते. ते घडले नाही आणि मराठीतील हे काव्य अखेर रोमन लिपीत छापावे लागले.

ज्ञानेश्वरांनी गीतार्थासाठी आणि संत एकनाथांनी भागवतासाठी वापरलेला ओवी छंद स्टीफन्स यांनी निवडला. एकनाथांचे निधन १५९९ मध्ये झाले. म्हणजे काही काळ हे दोघे समकालीन होते. जुन्या कवींची मराठी सर्वांना सहज समजणार नाही, हे जाणून त्यांनी तीत कोकणीतील सोपे शब्दही मिसळले. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द त्यांनी निःसंकोचपणे वापरला. मराठी भाषेच्या सौंदर्याची त्यांनी रत्ने, फुले आणि सुगंध यांच्या उपमांनी केलेली स्तुती तर आजही मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे.

कृपेचा अर्थ

या ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय, आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे निरूपण, असा आहे. आगमन हाच त्याचा केंद्रबिंदू आहे. तरीही ख्रिस्तजन्माच्या प्रसंगापर्यंत येण्यासाठी श्रोत्याला संपूर्ण पहिले पुराण ऐकावे लागते. त्यात जगाची उत्पत्ती, पहिल्या मानवांनी केलेला आज्ञाभंग, त्यामुळे त्यांनी गमावलेले सुख, तारणाऱ्याविषयी परमेश्वराने दिलेले वचन आणि त्या वचनाच्या पूर्तीची पिढ्यान् पिढ्यांची प्रतीक्षा यांचे वर्णन आहे. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म, जीवन, क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान येते.

या रचनेतच स्टीफन्स यांचे धर्मचिंतन सामावलेले आहे. माणसाने काय गमावले हे कळल्याशिवाय गव्हाणीतील बालकाचे मोल कळत नाही. तसेच गव्हाण आणि क्रूस या दोन वेगळ्या कथा नसून एकाच तारणकथेची दोन टोके आहेत. राजवाडा सोडून गुरांच्या गोठ्यात जन्म घेणारा आणि ज्याच्या जन्माची वार्ता प्रथम मेंढपाळांना कळली असा देव हे कृपेचे रूप आहे. ती कुळ, विद्या किंवा पुण्य पाहून दिली जात नाही.

मराठी श्रोत्याला अवतार ही कल्पना नवी नव्हती. भक्तासाठी विटेवर तिष्ठत उभा राहणारा देव त्याच्या परिचयाचा होता. दुष्टांच्या संहारासाठी होणारे अवतार त्याने पुराणांतून ऐकले होते. येथे मात्र पाप्याचा नाश करण्याऐवजी त्याचे पाप स्वतःवर घेणाऱ्या देवाची कथा त्याला ऐकायला मिळाली. ओळखीच्या छंदातून सांगितलेली ही गोष्ट म्हणूनच त्याला एकाच वेळी जवळची आणि वेगळी वाटली असावी.

स्टीफन्स हे ज्या व्यवस्थेत वावरले, त्या व्यवस्थेचे ते अंग होते, हे विसरता येत नाही. त्यांच्या काव्यात मूर्तिपूजेवर टीकाही आहे. तथापि, कृपा जर दान असेल, तर ती सक्तीने पोहोचवता येत नाही. ती ऐकणाऱ्याच्या भाषेत, त्याला समजेल अशा शब्दांत सांगावी लागते. देवळे पाडणाऱ्या राजवटीला जे साधता आले नाही, ते या कवीच्या ओव्यांनी काही अंशी साधले. रविवारी आणि सणांच्या दिवशी हे पुराण चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाऊ लागले.

ग्रंथाचा पुढील प्रवास

फादर स्टीफन्स यांचे निधन १६१९ मध्ये गोव्यात झाले. त्यांच्या पुराणाच्या पुढील आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. काव्य टिकले ते हस्तलिखितांच्या रूपाने. गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या प्रती जपल्या. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा प्रकाशित केला. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनमध्ये आढळले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली आणि कवीची मूळ इच्छा साडेतीन शतकांच्या सुमारास फळाला आली. २००९ मध्ये आजच्या मराठीतील अनुवादासह आवृत्तीही वाचकांच्या हाती आली. गोव्यातील पर्वरी येथील कोकणी भाषेच्या संशोधन केंद्राला स्टीफन्स यांचेच नाव देण्यात आले आहे.

ज्या सत्तेच्या आश्रयाने हे काव्य छापले गेले, तिच्याच फर्मानाने त्याच्या भाषेवर बंदी आली. ती सत्ता १९६१ मध्ये गोव्यातून गेली. ओव्या मात्र राहिल्या. नाताळच्या रात्री गव्हाणीपुढे हात जोडणाऱ्या मराठी व कोकणी भाषक ख्रिस्ती कुटुंबांना तारणाची ही कथा परक्या शब्दांत ऐकावी लागू नये, यासाठी एका परदेशी माणसाने आपले आयुष्य वेचले होते.