घरात समुद्र आणणारा फिलिप गॉस, आणि पाण्याच्या तापमानाचं कोडं

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात कुणी खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवायचं ठरवलं, तर पहिली अडचण पाण्याचीच. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे दीडशे किलोमीटर लांब, आणि मध्ये सह्याद्री. मग उपाय एकच. आरओच्या पाण्यात विकतचं समुद्री मीठ विरघळवायचं आणि टँकमधलं थोडं जुनं पाणी काढून हे नवं भरायचं.

क्षार मिसळून घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवायची कृती 1854 साली प्रसिद्ध केली फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढंच सामान. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तोही त्याच्याच पुस्तकामुळे.

गॉसचा जन्म 1810 चा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे, घरात पैसा नव्हता. सतराव्या वर्षी पोरगा कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेला. पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. अमेरिकेत अलाबामात काही महिने मास्तरकी केली, जमैकात पक्षी आणि किडे गोळा केले. जिथे गेला तिथे त्याने वही भरली, आणि शेवटी त्या वह्यांवरच पोट भरायला लागला.

कामाचा ताण इतका वाढला की 1852 मध्ये तब्येत सांभाळायला तो डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. तिथे काचेच्या भांड्यांत समुद्रशैवाल आणि प्राणी एकत्र ठेवून पाहिले. शैवाल प्राणवायू देतं, प्राणी जगतात. (हे एकट्या गॉसचं डोकं नव्हे. अ‍ॅना थिन ही बाई आणि रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनतज्ज्ञ याच वाटेवर होते. पण लिहायची हातोटी गॉसची.) 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यासाठी प्राणी पुरवणाऱ्यांत गॉस होता. पुढच्या वर्षी पुस्तक आलं आणि इंग्लंडला अ‍ॅक्वेरियमचं वेडच लागलं.

आणि घरोघरी प्राणी मरायला लागले.

कारण साधं आहे. समुद्र अफाट असल्यामुळे त्याचं तापमान फार सावकाश बदलतं. खिडकीतली काचेची पेटी दुपारच्या उन्हात काही तासांत तापते. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, आणि गॉसचे प्राणी तर थंड समुद्रातले. एक मेला की कुजतो, आणि त्याच्यापायी बाकीचेही जातात. यावर मोठं उत्तर काढलं लंडनच्याच विल्यम अल्फर्ड लॉइड या अ‍ॅक्वेरियम-व्यापाऱ्याने. 1871 च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने जमिनीखाली अंधारात मोठा हौद ठेवला. टाक्यांपेक्षा हौदातच पाणी कितीतरी जास्त. ते सतत फिरत राहायचं, म्हणून थंड राहायचं.

घरात हौद कुठून आणणार? म्हणून पाणी बदलताना जपावं लागतं. समजा 100 लिटरचा टँक 26 अंशांवर आहे. जानेवारीच्या सकाळी 20 लिटर जुनं पाणी काढून तेवढंच 12 अंशांचं ओतलं, तर सगळा टँक 23 च्या आसपास येतो, तोही काही मिनिटांत. प्रवाळाला हा धक्का सोसत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी याच्या उलट त्रास देतं. म्हणून नवं पाणी आदल्या दिवशीच मीठ घालून, पंपाने ढवळत टँकच्याच खोलीत ठेवतात. थंडीत त्यात हीटर सोडतात, थर्मामीटरने दोन्ही पाणी मोजतात आणि फरक एखाद्या अंशाचा राहिला की सावकाश ओततात. खारटपणाही तेव्हाच मोजायचा, कारण साध्या हायड्रोमीटरचं माप तापमानाप्रमाणे बदलतं.

गॉसचं पुढचं आयुष्य मात्र कडू गेलं. 1857 च्या फेब्रुवारीत बायको एमिली कर्करोगाने गेली. मुलगा एडमंड तेव्हा सात वर्षांचा. त्याच वर्षी गॉसने ‘ओम्फॅलोस’ लिहिलं. देवाने पृथ्वी घडवली तीच जीवाश्मांसकट, जणू जुनीच असल्यासारखी, असं त्याचं म्हणणं. शास्त्रज्ञांनी ते झिडकारलं, आणि धार्मिक लोकांनाही पटलं नाही. दोन वर्षांत डार्विनचं पुस्तक आलं.

तो डेव्हनला कायमचा राहायला गेला. पण ज्या खडकांतल्या डबक्यांचं त्याने इतकं सुंदर वर्णन केलं होतं, ती त्याचीच पुस्तकं वाचून आलेल्या हौशी लोकांनी ओरबाडून रिकामी केली. एडमंडने 1907 मध्ये बाप-लेकाच्या नात्यावर पुस्तक लिहिलं, त्यात ही खंत आहे.

म्हातारपणी गॉसला ताऱ्यांचा नाद लागला. हिवाळ्यातल्या एका रात्री उघड्या खिडकीत दुर्बीण लावताना त्याला गारठा बाधला आणि तेच दुखणं वाढलं, असं त्याच्या दुसऱ्या बायकोने नोंदवलं आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये तो गेला.